हाताखाली माणसं किती?

खानदेशात नोकरी मोजायचं एक माप आहे. हाताखाली माणसं किती? जिल्हा परिषदेत, वीज कंपनीत, एस.टी.च्या डेपोत हे माप बिनचूक चालतं, कारण तिथलं पद डोळ्यांना दिसतं. केबिन दिसते, दाराशी बसलेला शिपाई दिसतो, सही घ्यायला आलेले लोक दिसतात. अमळनेरला लग्नाच्या पंगतीत बसलं की कुणीतरी आप्पा विचारणारच, "ताई, तुना हातखाल किती माणसं शेतस?" बरीच वर्षं माझं खरं उत्तर 'एकही नाही' हे होतं. वर पगाराचा अंदाज कुणी दिलाच, तर आप्पांचा गोंधळ आणखी वाढायचा. माणसं नाहीत, केबिन नाही आणि कंपनी पैसे मोजते. मग ही बाई नेमकं करते काय?

मी प्रॉडक्ट मॅनेजर. एखादं ॲप कुणासाठी आहे, त्याने काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे ठरवायची जबाबदारी माझी. कोड इंजिनिअर लिहितात, पडदे डिझायनर आखतात, करार कायदा विभाग तपासतो, दुकानदारापर्यंत सेल्सची माणसं जातात. यांच्यातलं कुणीही मला रिपोर्ट करत नाही. पण ॲप रविवारी संध्याकाळी बंद पडलं तर पहिला फोन मला येतो. मोठ्या टेक्नॉलॉजी कंपन्यांमध्ये याच कामात पायऱ्या चढत मी सीनिअर झाले, मग प्रिन्सिपल झाले. हाताखाली थोडी माणसं आली ती बऱ्याच उशिरा. तोवर त्यांचं महत्त्व मला वाटत होतं तेवढं उरलं नव्हतं.

हा पेशा संगणकातून आला असं तरुणांना वाटतं. तो साबणातून आला आहे. 1931 साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गँबल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण 'कॅमे' साबणाची जाहिरात बघायचा. त्याच कंपनीच्या 'आयव्हरी' साबणापुढे कॅमेकडे कुणाचं नीट लक्ष नव्हतं. त्याने तीन पानी टिपण लिहिलं की एका साबणाची सगळी जबाबदारी, विक्रीपासून जाहिरातीपर्यंत, एका माणसावर टाका. त्या टिपणातून 'ब्रँड मॅन' हे पद आलं आणि त्या पदाचं नातवंड म्हणजे आजचा प्रॉडक्ट मॅनेजर. हाच मॅकेलरॉय पुढे कंपनीचा अध्यक्ष झाला, 1957 मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत 1958 साली 'आर्पा' ही संस्था उभी राहिली. इंटरनेटचा पूर्वज असलेलं 'आर्पानेट' तिचंच.

अमळनेरकरांना यात नवल वाटू नये. विप्रो ही कंपनी डिसेंबर 1945 मध्ये 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या नावाने आमच्या गावातच सुरू झाली, ती वनस्पती तुपासाठी. मग 787 नावाचा कपड्यांचा साबण आला. 1966 मध्ये वडील गेल्यावर एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजींनी कंपनी हातात घेतली आणि ऐंशीच्या दशकात ती संगणकाकडे वळली. गावात विप्रोच्या शेअरच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. कुणी ठेवले, कुणी मुलीच्या लग्नात विकले. साबण बनवणारी कंपनी संगणक का बनवायला लागली, हे मात्र त्या गोष्टींमध्ये कुणी विचारत नाही. माझ्या पेशातला सीनिअर माणूस नेमका तोच प्रश्न विचारण्याचे पैसे घेतो.

मी धुळ्यात देवपूरला इंजिनिअरिंग केलं आणि आमच्याकडच्या बहुतेकांसारखी हिंजवडीला एका सर्व्हिस कंपनीत लागले. तिथे क्लायंट सांगेल ते वेळेत करून द्यायचं. का करायचं, हे विचारायला कुणी मनाई केली नव्हती, पण विचारून फरक पडत नव्हता. ग्राहकांच्या तक्रारी वाचायची मला सवय होती. त्या वाचून मी एक यादी बनवली, ती फिरत फिरत कुणाच्या तरी हाती पडली आणि मला इंजिनिअरिंगमधून प्रॉडक्टच्या बाजूला घेतलं. पुढे बंगळूरला मोठ्या कंपनीत आले. सीनिअर होईपर्यंतचा रस्ता सरळ होता. काम चोख करा, तारखा पाळा, लोकांशी नीट बोला. त्यापुढे हा रस्ता संपतो आणि ते कुणी सांगत नाही.

एका वर्षी माझं बढतीसाठी नाव गेलं आणि परत आलं. वर्ष उत्तम गेलं होतं. मॅनेजरने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की तुझं सगळं काम चांगलं आहे, पण ते तुझ्या आजच्या पायरीचं चांगलं काम आहे. रात्री मी चिडून बसले. नंतर बढती कशी ठरते ते मी हळूहळू माहीत करून घेतलं, आणि पुढे बढती ठरवणाऱ्या समित्यांवर बसलेही, म्हणून आतलं सांगू शकते. मोठ्या कंपन्यांत तुमचा मॅनेजर एकटा बढती देत नाही. तो तुमच्या कामाचं एक टिपण, म्हणजे 'डॉक', लिहितो किंवा तुम्हाला लिहायला लावतो. त्याला सोबत काम केलेल्यांचे अभिप्राय जोडतात. मग ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही असे काही वरिष्ठ ते वाचतात. एका बैठकीत अशी बरीच डॉक असतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी मिनिटं येतात आणि खोलीत तुम्ही नसता. समिती साधारण दोन गोष्टी धुंडाळते. हा माणूस नसता तरी हे झालं असतं का? आणि पुढच्या पायरीचं काम तो आधीच करतोय का? 'दिल्यावर करून दाखवीन' याला तिथे काही किंमत नाही. जे आधीच केलंय त्यावर शिक्का मारण्यापुरती बढती असते.

याचा एक व्यवहारी अर्थ निघतो. तुमची गोष्ट दुसऱ्याला सांगता आली पाहिजे, आणि तीही तीन-चार वाक्यांत. "तिने अमुक ॲपचे सतरा बदल वेळेत केले" हे कुणाच्या लक्षात राहत नाही. "दुकानदारांचं काम तोट्यात होतं, तिने त्याची दिशा बदलली आणि तीन विभाग तिच्या मागे आले" हे राहतं. मी सीनिअरवरून वर गेले ती जवळपास याच वाक्यावर. त्यामागची हकीकत जरा विस्ताराने सांगते, कारण ती आपल्याच भागात घडली.

यूपीआय एप्रिल 2016 मध्ये आलं. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि दुकानांवर क्यूआर कोड चिकटायला लागले. आमची कंपनी दुकानदारांसाठी ॲप करत होती. बंगळूरच्या टीमने त्यात विक्रीचे आलेख, तासागणिक रंगीत पट्ट्या, महिन्याची तुलना असं बरंच घातलं होतं आणि अजून घालणार होती. प्रात्यक्षिकात ते फार देखणं दिसायचं. मी सुटीत घरी आले की बाजारात बसायचे. जळगावला फुले मार्केटजवळ केळीचे वेफर्स तळणारे एक दादा होते. त्यांच्या फोनमध्ये आमचं ॲप होतं, पण ते उघडायचेच नाहीत. "ताई, हात तेलाचे. डोळे कढईवर. फोन कोण बघेल?" गिऱ्हाईक लांबून आपल्या फोनचा पडदा दाखवायचं आणि ते मान डोलवायचे. दाखवलेला पडदा खरा की कालचा, हे कळायला मार्ग नव्हता.

धुळ्याला आग्रा रोडवर कापडाच्या दुकानात वेगळीच अडचण निघाली. पैसे घेतो काउंटरवरचा पोरगा आणि 'पैसे आले' हा मेसेज जातो मालकाच्या फोनवर. मालक दुपारी जेवायला घरी. मग पोरगा मालकाला फोन करतो, मालक हात धुऊन मेसेज शोधतो, आणि तोवर गिऱ्हाईक पिशवी हातात धरून उभं. पैसे घेणारा एक आणि पैसे आल्याचं कळणारा दुसरा. बंगळूरच्या आमच्या कुठल्याही कागदावर ही दोन माणसं वेगळी नव्हती. 'दुकानदार' म्हणून एकच चित्र होतं, त्याला टोपी आणि हसू दिलेलं.

बोलणारे छोटे स्पीकर 2019 नंतर बाजारात दिसायला लागले होते, त्यामुळे आवाजाची कल्पना माझी असं मी म्हणणार नाही. माझं काम पुढचं होतं. आलेखांवरची माणसं काढून ती तीन जागी लावायची. पैसे आल्याचा आवाज मराठीसह दुकानदाराच्या भाषेत द्यायचा, एका दुकानात अनेकांना मेसेज जाईल अशी सोय करायची, आणि अडकलेल्या पैशांचा निकाल लावायचा. शेवटचं सगळ्यांत किचकट. गिऱ्हाइकाच्या खात्यातून कापले, दुकानदाराला पोचले नाहीत, आणि पडद्यावर 'पेंडिंग'. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये अशा व्यवहारांना मुदती घालून दिल्या आणि मुदत चुकली तर दिवसाला 100 रुपये भरपाई सांगितली. कायद्याच्या माणसांना तो नियम माहीत होता, इंजिनिअरना पुसट माहीत होता आणि दुकानदाराला मुळीच नाही.

मग पैशांचा प्रश्न आला. जानेवारी 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेता येईना. म्हणजे व्यवहार कितीही वाढले तरी त्यातून थेट कमाई शून्य. आपण व्यवहार वाढवतोय, पण खर्च कोण भरतंय? हा प्रश्न मी कागदावर मांडला. उत्तरं दोनच दिसत होती. एक, दुकानातल्या यंत्राचं मासिक भाडं. दोन, दुकानदाराच्या उलाढालीवरून त्याला बँकेमार्फत कर्ज. आलेख दोन्हींत कुठेच बसत नव्हते. मागे वळून बघता माझी खरी बढती त्या कागदावर झाली, कारण तोवर मी 'ॲपमध्ये काय हवं' एवढंच विचारत होते. मोठ्या कंपनीत सीनिअर माणसाला हिशेब यावा लागतो. कोणत्या कॉलेजात शिकलात हे त्यानंतर फारसं कुणी विचारत नाही.

कागद लिहिणं सोपं होतं. आलेख बनवणाऱ्या टीमच्या प्रमुखाची बढती त्या आलेखांवर उभी होती. या पेशातली ही गोष्ट पुस्तकांत सापडत नाही. कुठलंही काम थांबवलं की कुणाचं तरी वर्ष बुडतं, आणि ज्याचं बुडतं तो तुमचा कागद कितीही तर्कशुद्ध असला तरी अडवतो. त्यात त्याचं काही चूकही नसतं. मोठ्या बैठकीआधी मी त्याच्याकडे एकटी गेले. अडकलेल्या पैशांचं काम त्याने घ्यावं, ते आलेखांपेक्षा अवघड आहे आणि वरच्यांना दिसणारं आहे, असं स्पष्ट सांगितलं. दोन आठवडे तो माझ्याशी धड बोलला नाही. मग त्याने ते काम घेतलं आणि माझ्यापेक्षा चांगलं पुढे नेलं. पुढच्या फेरीत त्याचीही बढती झाली.

हाताखाली कुणी नसताना काम कसं होतं, हे आप्पांना समजावताना मला एकदाच बरा दाखला सापडला, तोही धुळे जिल्ह्यातला. पांझरेवर काही शतकांपासून फड पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्याखालचं शिवार फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडायला पाटकरी. जमीन पाटकऱ्याची नसते, शेतकरी त्याचे नोकर नसतात. तरी त्याने दार बंद केलं की मोठा बागायतदारही गप्प राहतो, कारण पाळी सगळ्यांनी आधी बसून ठरवलेली असते. पाटकरी ती फक्त पाळतो आणि पाळायला लावतो. आप्पा म्हणाले, मग तू पाटकरीन. मी हो म्हटलं. माझ्या कंपनीच्या पदनामापेक्षा ते जास्त बरोबर होतं. बैठकीआधी पाळी ठरली नसेल तर बैठकीत कितीही अधिकाराने बोला, पाणी फुटतंच.

बैठकांचं एक सांगायला हवं. सुरुवातीला बहुतेक खोल्यांत मी एकटीच बाई असायचे आणि 'नोट्स कोण घेणार' म्हटलं की चार नजरा माझ्याकडे वळायच्या. राग यायचा. मग लक्षात आलं की बैठकीत काय ठरलं हे दुसऱ्या दिवशी माझ्या मेलवरूनच ठरतंय. कोण काय बोललं यापेक्षा काय लिहिलं गेलं ते टिकत होतं. मी नोट्स घेत राहिले. पण त्यांच्याखाली 'निर्णय', 'कुणी करायचं' आणि 'कधीपर्यंत' असे तीन रकाने टाकायला लागले, आणि मी मेल पाठवण्याआधी लोक मला विचारायला यायला लागले. याचा अर्थ बायकांवर हे काम ढकलावं असा कुणी काढू नये. आज माझ्या बैठकीत नोट्सची पाळी फिरते.

लिहिणं हेच आमच्यासारख्यांचं खरं हत्यार आहे. ॲमेझॉनने 2004 मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि तिथे सहा पानी टिपण शांतपणे वाचून मग बोलायची पद्धत पडली. पुढे बऱ्याच कंपन्यांनी ती आपापल्या परीने उचलली. वाचताना उच्चार ऐकू येत नाही. कॉन्व्हेंटमधला सफाईदार मुलगा आणि अमळनेरची मी, कागदावर सारख्याच उंचीचे दिसतो. इंग्रजी अलंकारिक लागत नाही, छोट्या वाक्यांचं लागतं. मी अजूनही अवघड टिपणाचा पहिला खर्डा मराठीत मनाशी बोलून बघते. जे मराठीत सांगता येत नाही ते बहुधा मलाच कळलेलं नसतं.

अमेरिकी कंपन्यांच्या भारतातल्या ऑफिसांत एक अडसर फार खोल आहे. बनतं इथे, ठरतं तिथे. कॅलिफोर्निया आपल्या उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतं, म्हणजे निर्णयाची बैठक आपल्याकडे रात्री नऊ-दहाला. मी ती वर्षानुवर्षं केली. लेकीला झोपवून कॉलवर बसायचं, आणि सगळं ठरलेलं ऐकायचं. चढण्यासाठी याचा एकच उपाय मला सापडला. ज्या कामाचा निर्णय आपल्याच शहरात होतो असं काम निवडायचं, ते दिसायला लहान असलं तरी. भारतातल्या दुकानदारांचं काम माझ्या वाट्याला आलं तेव्हा ते कुणालाच नको होतं, चकचकीत प्रॉडक्ट सगळी जगासाठीची होती. ऑगस्ट 2023 मध्ये यूपीआयचे एका महिन्याचे व्यवहार 1000 कोटींवर गेले, तोवर त्या कामासाठी रांग लागली होती.

नशिबाचा वाटाही नाकारू नये. चांगला मॅनेजर मध्येच नोकरी सोडतो, विभागांची मोडतोड होते, त्या वर्षी वरच्या जागाच नसतात. दोनदा माझी बढती आत अडकली तेव्हा मी कंपनी बदलली, कारण बाहेरचा मुलाखतकार तुम्हाला पुढच्या पायरीवर थेट बसवू शकतो. आतला मात्र तुम्ही काल कुठे होता ते विसरत नाही. बदलताना कंपनीने देऊ केलेले, चार वर्षांत हळूहळू हाती येणारे शेअर सोडावे लागतात. जळगावच्या सराफ्यात वाढलेल्या माझ्या सासूबाईंना त्याची हळहळ कधीच पटली नाही. हातात न आलेलं सोनं सोडण्याचं दुःख कसलं, असं त्या म्हणत, आणि त्यांचं खरं होतं.

2022 च्या शेवटी आणि 2023 च्या सुरुवातीला मोठ्या कंपन्यांत कपात झाली. ॲमेझॉनने 18,000, गूगलने 12,000, मायक्रोसॉफ्टने 10,000 जागा कमी करण्याचं जाहीर केलं. माझ्या ओळखीत ज्यांचं कागदावर काहीच वाईट नव्हतं अशी माणसं एका मेलवर गेली. त्यांत वरच्या पायरीची माणसंही होती. पायरी कुणाला वाचवत नाही, हे त्या हिवाळ्यात सगळ्यांना दिसलं. पण ज्यांना लगेच दुसरं काम मिळालं त्यांच्यात एक सारखेपणा होता. दुसऱ्या कंपन्यांमधले लोक त्यांची गोष्ट आधीच ओळखत होते. अशी गोष्ट नुसत्या लिहिण्यातून होत नाही. आता टिपणाचा खर्डा यंत्रंही लिहून देतात. आग्रा रोडवरचा पोरगा मालकाला फोन का करतो, हे मात्र तिथे बसून बघावंच लागतं.

जळगाव, बांभोरी, धुळे, शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी बढतीचं डॉक कसं असतं हे कधी पाहिलेलं नसतं. ज्यांच्या घरात, सोसायटीत, ओळखीत असे लोक असतात त्यांची मुलं ते जेवणाच्या टेबलावर शिकतात. बंगळूर, हैदराबाद, पुणे, सिॲटलला असलेल्या खानदेशी प्रॉडक्ट मॅनेजरांना म्हणून एकच विनंती. दिवाळीत गावी जाल तेव्हा एक दुपार आपल्या जुन्या कॉलेजला द्या. भाषण नको. कंपनीची गुपितं खोडून आपलं एक बढतीचं डॉक सोबत न्या, जे नामंजूर झालं तेही न्या, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना ते दोन्ही शेजारी ठेवून वाचायला द्या.